कुणाच्या नावानं बोंब

छबूबाईनं दुधाची चरवी ओट्यावर ठेवली, पण हात काही चरवीवरून काढला नाही. दमयंतीबाई चुलीपुढं बसून पुरणाची डाळ घोटत होत्या. होळीचा दिवस, त्यामुळं काम उरकायची घाई होती.

"काय गं, थबकलीस का?"

छबूबाईनं दाराकडं एकदा बघून घेतलं आणि खाली बसली. "काकू, काल आसारामच्या खळ्यात बसले हुते सगळे."

"कोण सगळे?"

"पिवळ्या पेटीवाले. नगरहून त्यो सूर्यभान आलाय न्हाई का, तिरकी टोपी घालनारा? त्यो मधी आन् बाकीचे कडंनं. मी कडबा घ्याया गेल्ते. कुनाला धरायचं त्ये ठरवत हुते."

"धरायचं म्हणजे?"

"आज नाव कुनाचं घ्यायचं, त्ये."

दमयंतीबाईंच्या हातातली रवी थांबली. "मग? कुणाचं ठरलं?"

"त्येच तर ऐकू आलं न्हाई. मला बगितलं आन् गप झाले. म्हनले, छबे, कडबा घेतला ना, चल निघ."

बोरटेकचा शिमगा कसा असे ते इथं सांगायला हवं, नाहीतर दमयंतीबाईंची रवी का थांबली ते कळायचं नाही. राहुरीकडून मुळा नदीच्या काठानं वर गेलं की हे गाव लागतं. होळीला लाकडं गोळा करायची तर पोरं कुणाच्याही दारातलं, परसातलं लाकूड उचलून नेत, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करायची नाही, ही रीत सगळीकडंच होती. बोरटेकची रीत त्याच्या पुढची. दिवस बुडाला की होळीचा मानकरी होळी पेटवी आणि एक नाव घेई. गावातल्याच कुणाचं तरी. मग सगळं गाव त्या नावानं बोंब मारी, त्याच्या दारात जाई आणि हाताला लागेल ते लाकूड आणून होळीत घाली. ज्याचं नाव निघालं त्यानं रागवायचं नाही. पण त्याला वर्षभर चावडीपुढून मान वर करून जाता येत नसे. सुटका एकच होती. ज्या घरच्या बाईनं स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावून घराचं लाकूड होळीला दिलं, त्या घराच्या नावाला त्या वर्षी तोंड लावायचं नाही. जळणाची ढलपी चालत नसे. घराला लागलेलं लाकूड हवं, तुळई, आढं, दाराची फळी असलं. असं लाकूड कोण देणार? जुनं घर पाडून नवं बांधणारा एखादा. त्यामुळं ही सुटका असून नसल्यासारखीच होती.

यंदा होळी आणि जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक एकाच महिन्यात आली. स्वातंत्र्याला दोन वर्षंही झाली नव्हती. अक्षर न येणाऱ्यालाही मत टाकता यावं म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या पेटीला रंग दिलेला होता. गावात पक्षांची नावं कुणी घेत नसे, रंगच घेत. पिवळी पेटी आसारामची, आणि होळीचा मानही त्याच्याच घरचा. हिरवी गहिनीनाथाची. त्याची दोन मळ्यांची शेती आणि तालमीतले पैलवान पदरी. करडी भिमाजीची. तो वस्तीवरच्या मजुरांचा पुढारी. आणि पांढरी पेटी होती माधवरावांची, दमयंतीबाईंच्या नवऱ्याची. गावच्या मराठी शाळेत ते सारं आयुष्य मास्तर होते. चौथीनंतर पोरींना शाळा नाही आणि बोर्डात बसल्याशिवाय ती होणार नाही, एवढ्यासाठी ते उभे राहिले होते. त्यांच्यामागं पक्ष नव्हता आणि पैलवानही नव्हते.

आणि घरही अर्धंच होतं. मागच्या वर्षी महात्माजी गेल्याची बातमी आली, त्या आठवड्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. बोरटेकात माधवरावांचं पेटलं. माणसं बाहेरगावची होती असं सगळे म्हणत. पण दमयंतीबाईंनी धुरातून एक-दोन आवाज ओळखले होते आणि त्या कधीच कुणाला बोलल्या नव्हत्या. धाब्याचं छप्पर खाली बसलं. पुढची खोली गेली, मागची राहिली. तिच्यावर आता पत्रे होते. दोन तुळया अर्ध्यामुर्ध्या जळून, आखूड होऊन वाचल्या, त्या परसात भिंतीला लावून ठेवल्या होत्या. वर्षभरात त्यांतली एक काटकीसुद्धा दमयंतीबाईंनी चुलीत घातली नव्हती. जवळ गेलं तरी तो धूर नाकात यायचा.

म्हणून रवी थांबली. नाव निघालं की गाव दारात येणार, लाकूड ओढणार, हातात टेंभे असणार. गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर ह्या दारात टेंभे घेऊन गर्दी आली, तर ती कुठं थांबेल?

छबूबाई गेली. दमयंतीबाईंनी डोळे मिटले आणि मनात म्हणाल्या, देवा, दुसऱ्या कुणाला तरी धरू दे. कुणालाही. आम्हाला नको.

मग त्यांनी डाळ पुन्हा घोटायला घेतली. ती कधीच मऊ झाली होती.

दुपारी आसाराम स्वतःच आला. बरोबर सूर्यभान. माधवराव ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. आसारामनं वाकून नमस्कार केला. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"गुर्जी, सनाच्या दिवशी आलो. राग मानू नका."

"ये, बस. पाढे म्हणून दाखवणार असशील तर गूळ देतो."

आसाराम ओशाळं हसला. सूर्यभान हसला नाही. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आवाजात कसलाही राग न आणता बोलायला लागला. दाराआड उभ्या असलेल्या दमयंतीबाईंना वाटलं, हा चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, सरळ बोलतो. चार पेट्या आहेत. आम्हाला आज एक नाव लागतं. नाव न घेता निवडणूक लढवता येत नाही. लोकांना कुणाच्या बाजूनं जायचं ते उशिरा कळतं, कुणाच्या विरुद्ध ते लवकर कळतं."

"मग घ्या की. तुमच्यासमोर सगळ्यात मोठा कोण आहे? गहिनीनाथ. त्याचं घ्या."

"मोठा आहे म्हणूनच नाही घेता येत." सूर्यभाननं बोट दुमडलं. "एक तर तो उलटून आमचं नाव घेईल. आणि उद्या बोर्डाचा अध्यक्ष निवडताना त्याचाच हात लागणार आहे. ज्याच्याशी उद्या बसायचं, त्याला आज कसं दुखवू? राहिला भिमाजी. त्याचं घेतलं तर वस्ती चिडेल. आज त्यांची मतं फुटलेली आहेत, उद्या एक होतील."

"आणि माझं?"

"तुमचं घेतलं तर कोण चिडणार?"

आसाराम जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

"गुर्जी," तो हळूच म्हणाला, "तुमी बसा ना. एवडं म्हना की पांढरी पेटी आसारामच्या पाठीमागं हाय. मग नाव घ्यायचा सवालच न्हाई. मी काय मुद्दाम करतोय व्हय?"

"आसाराम, माझ्या शाळेत तू मुद्दाम कधीच काही केलं नाहीस. शेजारच्यानं सांगितलं म्हणून करायचास." माधवरावांनी चष्मा पुसला. "मी बसणार नाही."

"दिवस बुडायच्या आत निरोप धाडा," सूर्यभान उठत म्हणाला. "पोरं तरणी आहेत. दारात आल्यावर कोण काय करील, त्याची हमी मी कशी देऊ?"

ते गेले. माधवरावांनी पुन्हा वर्तमानपत्र उचललं, पण ते उलटं होतं.

"अहो, बसा ना हो," दमयंतीबाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "नको ते बोर्ड. पोरींची शाळा दुसरं कुणी काढील."

"कोण काढील? नाव सांग."

दमयंतीबाईंनी ते वर्तमानपत्र सरळ करून त्यांच्या हातात दिलं.

"मलाही भीती वाटते गं," माधवराव म्हणाले. "वर्ष झालं, मी वहाणा उशाशी घेऊन झोपतो. तुलाही रात्र रात्र झोप नसते, ते मला कळत नाही असं वाटतं का? पण आज बसलो तर पुढच्या वेळी त्यांना विचारायलाही यावं लागणार नाही."

दमयंतीबाई परसात गेल्या. उन्हं उतरायला लागली होती. गावातून डफाचा आवाज येत होता आणि मधूनच एखाद्या पोराची नुसतीच बोंब. प्रत्येक बोंबेला त्या दाराकडं बघत होत्या. पळून जावं का? कुठं? राहुरीला जाणारी सर्व्हिस मोटार सकाळीच जाते. परसाच्या भिंतीला त्यांनी पाठ टेकली, तर पाठीला काहीतरी खरबरीत लागलं. तुळई. त्या दचकून बाजूला झाल्या.

मग वळून त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

घराला लागलेलं लाकूड.

त्यांनी घरात जाऊन कुंकवाचा करंडा आणि हळदीची वाटी आणली. तुळईला हात लावला तेव्हा कोळशाची काळी पूड तळहाताला लागली आणि तोच वास आला. त्यांनी श्वास धरून हळद लावली, कुंकू लावलं.

"अहो, जरा हात लावता का?"

माधवराव परसदारी आले. आधी त्यांना कळेना. मग कळलं. "ही?"

"हीच. घराचंच लाकूड आहे की."

होळीच्या मैदानावर सगळं गाव जमलं होतं. मधोमध एरंडाचा खांब, भोवती गोवऱ्या आणि ओंडके रचलेले. गुरव गोरक्षबुवा नैवेद्यांची पानं नीट मांडत होते. होळी रचायचं काम त्यांच्याकडं वंशपरंपरेनं चालत आलेलं. डफ वाजत होते. गहिनीनाथ आपल्या पैलवानांना घेऊन पारावर पान जुळवत बसला होता, आपलं नाव कुणाच्या तोंडी यायचं नाही याची त्याला खात्री होती. आणि तेवढ्यात मास्तर आणि मास्तरीणबाई तुळई घेऊन आले. एक टोक माधवरावांच्या खांद्यावर, दुसरं दमयंतीबाईंच्या हातात, आणि मधोमध छबूबाई. ती वाटेतच धावत येऊन लागली होती.

डफ एकेक करून थांबले.

तुळई एका अंगानं काळीठिक्कर होती आणि दुसऱ्या अंगानं अजून जुनं, गुळगुळीत लाकूड होतं. काळ्या अंगावर हळदकुंकू उठून दिसत होतं. ते लाकूड कुठून आलं हे तिथं सांगावं लागलं नाही. मागच्या रांगेतली दोन माणसं हळूच बाजूला सरकली. दमयंतीबाईंनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी तुळई रचलेल्या ओंडक्यांपाशी टेकवली.

"बुवा, घ्या," त्या म्हणाल्या.

गोरक्षबुवांनी वाकून कुंकू पाहिलं. "लागलं. घरचं लाकूड लागलं. ह्या घराला यंदा तोंड लावायचं न्हाई."

सुटलो, दमयंतीबाईंच्या मनात आलं. आता घरी जायचं, दार लावायचं आणि गरम पोळी खायची.

पण त्यांनी वळताना पाहिलं. सूर्यभान आसारामच्या कानाशी लागला होता. आसारामनं मान हलवली, नाही म्हटलं. सूर्यभान पुन्हा बोलला. मग आसारामची नजर हळूहळू बायकांच्या घोळक्याकडं गेली आणि एका जागी थांबली.

तिथं रतनबाई उभी होती, भिमाजीची बायको. कडेवर लेकरू. भिमाजी राहुरीला सभेला गेलेला, अजून आलेला नव्हता. त्यांचं घर म्हणजे तुराट्यांचं खोपट. त्यात लाकूड असं काहीच नव्हतं. पोरं गेली तर त्यांच्या भाजीच्या तुकड्यातल्या विहिरीवर जातील, मोटेचं चाक आणि खांब उपटून आणतील, आणि ऐन उन्हाळ्यात भाजीचे वाफे करपून जातील. रतनबाईला आसारामची नजर कळली होती. तिनं लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं, पुन्हा तसंच या कडेवर.

सकाळी चुलीपुढं आपण काय मागितलं होतं ते दमयंतीबाईंना आठवलं. दुसऱ्या कुणाला तरी. कुणालाही. तेच समोर आलं होतं, आणि तिच्या लेकराच्या नाकातून शेंबूड गळत होता.

भीती गेली नव्हती. उलट वाढली होती. आता सुटका झालेली होती, म्हणजे गमवायला काहीतरी होतं. घोळक्यात शिरताना त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"रतन, लेकरू छबूकडं दे. चल माझ्याबरोबर."

"कुटं, मास्तरीनबाई?"

"आमच्या परसात. अजून एक आहे तसली. दिवस बुडायच्या आत आणायची."

रतनबाईनं लेकरू छबूबाईच्या अंगावर टाकलं, आणि दोघी जवळजवळ पळतच निघाल्या. मागं सूर्यभानचा आवाज आला, "आसाराम, पेटव." आणि त्यावर गोरक्षबुवा म्हणाले, "दिवस हाय अजून. गडबड करू ने. त्यो काय कुनाच्या पक्षाचा न्हाई, बुडायचा तवाच बुडंल." लोक हसले. पण हसू लांबून ऐकलं की कशाचं आहे ते कळत नाही. दमयंतीबाईंना ते आपल्यावरच वाटलं आणि त्यांनी पाय उचलला.

दुसरी तुळई जड होती. येताना रतनबाई पुढं, दमयंतीबाई मागं. वाटेत एकदा ती हातातून सुटली आणि दमयंतीबाईंच्या पायाच्या बोटावर आदळली. त्या कळवळल्या, पण थांबल्या नाहीत. मैदानात आल्या तेव्हा सूर्य शिवारापलीकडच्या बाभळींत अर्धा शिरला होता. करंड्यातलं कुंकू रतनबाईनं लावलं. चार बोटं उमटली.

"हे चालायचं नाही!" सूर्यभान पुढं झाला. "ही तुळई हिच्या घरची नाही. हिचं घर तुराट्यांचं आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मी दिली तिला," दमयंतीबाई म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "तिच्या खोपटाला आढं म्हणून दिली. मग कुणाची झाली?"

"कवा दिली?" कुणीतरी विचारलं.

"आत्ता."

छबूबाई मोठ्यानं म्हणाली, "दिली तर दिली की. तुजं मत आसाराम मागतोय त्ये पन आत्ताच मागतोय ना? मागच्या साली मागितलं हुतं का?"

या वेळचं हसू जवळचं होतं आणि ते सूर्यभानवर होतं. तो गोरक्षबुवांकडं वळला. बुवांनी कुंकवाची चार बोटं पाहिली, रतनबाईचा हात पाहिला आणि नैवेद्याचं पान सरळ करत म्हणाले, "कुंकू कुनाच्या हातचं एवडंच आमच्या बापानं बगितलं. मी बी तेवडंच बगतो. ह्या बी घराला तोंड लावायचं न्हाई."

दिवस बुडाला. आसारामनं काडी ओढली. एरंडाला जाळ लागला आणि वर चढला. गाव वाट बघायला लागलं. तळहात सगळ्यांच्या तोंडापाशी तयार होते.

आता पेट्या उरल्या होत्या दोनच. एक त्याची स्वतःची. आणि पारावर गहिनीनाथानं पान जुळवायचं थांबवलं होतं. त्याचे पैलवान उठून उभे राहिले होते, हाताची घडी घालून.

आसारामचं तोंड उघडलं. जाळाच्या उजेडात त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. दमयंतीबाई त्याच्या ओठांकडं बघत होत्या. भीती आता तिथं बसली होती, आणि ती ओळखीची होती. त्यांना त्याची कीवही आली आणि रागही आला. नाव घे, असं त्यांना म्हणावंसं वाटलं. मोठ्याचं घे. एकदा तरी घे. पण त्या म्हणाल्या नाहीत. गहिनीनाथाचं घेतलं तर उद्या काय होईल, तेही त्यांना ठाऊक होतं.

आसारामनं वर उचललेल्या हातानं मिशी पुसली.

मागून कुठल्यातरी पोराला धीर धरवला नाही आणि त्यानं नुसतीच, बिननावाची बोंब ठोकली. मग सगळ्या गावानं तशीच मारली. बिननावाची.

घरी आल्यावर माधवरावांनी कंदील लावला. "आज आसाराम घाबरला," ते म्हणाले.

"आज घाबरला. मतं पडायला अजून आठवडा आहे. तोवर ते दुसरं काहीतरी काढतील."

"काढतील," माधवरावांनी मान डोलावली. खोटं धीराचं बोलायची त्यांना सवय नव्हती.

दमयंतीबाईंनी सुजलेल्या बोटाला हळद लावली. परसातली भिंत मोकळी दिसत होती. तुळयांच्या जागी दोन पांढुरक्या खुणा उरल्या होत्या. गावातून बोंबा येतच होत्या. प्रत्येक बोंबेच्या शेवटी त्या कान देत, नाव जोडलंय का ते बघत. आणि मग दारापुढं पावलं वाजली. एकाची नाही, दोघांची. काहीतरी जड जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला. माधवरावांचा हात आपोआप वहाणांकडं गेला.

"मास्तरीनबाई, मी हाय. रतन."

दार उघडलं तर रतनबाई आणि भिमाजी उभे होते. दोघांच्या मधे मोटेचं लाकडी चाक, ओल्या मातीनं माखलेलं.

"शिमगा संपस्तोवर ठिवता का आत?" रतनबाई म्हणाली. "आमच्या खोपटाला दार न्हाई. तुमच्या घराला आता कुनी हात लावत न्हाई."

वर्षभर रात्री ज्या घरात दमयंतीबाईंचा डोळा लागला नव्हता, ते गावातलं सगळ्यात सुरक्षित घर म्हणून ही बाई आपलं पोट त्यात ठेवायला आली होती. तसं नाही गं, असं सांगावं, असं ओठांवर आलं. रतनबाईच्या हातावर कुंकू अजून होतं.

"आण आत," त्या म्हणाल्या. "सांभाळून, उंबरा आहे. आणि पोळी खाऊन जा दोघं."

चाक चुलीशेजारी भिंतीला टेकलं. ते दोघं जेवून गेल्यावर दमयंतीबाईंनी दाराची कडी लावली. मग एकदा ओढून पाहिली. आणि चाकाकडं बघून पुन्हा एकदा ओढून पाहिली.